गेलेल्यांची नोंद

भागवतांच्या घरातल्या दोन बहिणींपासून सुरुवात करतो. थोरल्या दुर्गाबाई आणि धाकट्या कमलाबाई. मराठी वाचकाला थोरलीची ओळख करून द्यायला नको. धाकटीचे, म्हणजे कमला सोहोनी यांचे नाव अलीकडे विज्ञानातल्या स्त्रियांविषयीच्या लेखांतून पुन्हा कानावर येऊ लागले आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, आणि अखेर वर्षभर काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. ही गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी, दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात अध्यापन, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत वरिष्ठ पद, आणि १९४७ मध्ये लग्नानंतर ते सोडून मुंबई. असंख्य स्त्रियांचे संशोधन नेमके याच वळणावर सुटले आहे. कमलाबाईंचे सुटले नाही, कारण मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्याच सुमारास जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता आणि त्यात जागा होती. नीरेवरचे त्यांचे गाजलेले काम तिथे झाले. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

दुर्गाबाईंची कहाणी वेगळी आहे. एम.ए.नंतर पीएचडीसाठी मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात हिंडत असताना त्यांना विषबाधा झाली आणि पुढची काही वर्षे अंथरुणात गेली. ती पीएचडी पुरी झाली नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या ‘गळाल्या’. त्यानंतरचे त्यांचे बहुतेक काम विद्यापीठातल्या पदाविना झाले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय हीच त्यांची संशोधनसंस्था होती. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ मध्ये आले, आणि मराठीत लोकसाहित्याचा अभ्यास करणाऱ्याला ते आजही टाळता येत नाही.

एकीच्या वाटेवर योग्य वेळी एक जागा उघडली. दुसरीच्या विषयाला प्रयोगशाळा लागत नव्हती, ग्रंथालय पुरत होते. हुशारी आणि चिकाटी दोघींकडे होती, पण निर्णायक ठरल्या त्या या दोन बाहेरच्या गोष्टी. तरुण संशोधक विद्यापीठे का सोडतात आणि गेलेले परत येतात का, याचा शोध घेताना मी फिरून फिरून याच ठिकाणी येतो. माणसांच्या जिद्दीविषयी आपण पुष्कळ बोलतो. जागा, नियम, वय आणि मोजणीचे रकाने यांच्याविषयी फारसे बोलत नाही. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

गेला, हे कसे ओळखायचे?

संशोधन सोडणाऱ्यांची जगभर एक ढोबळ मोजणी होते. ज्याचे निबंध प्रसिद्ध होणे थांबले तो गेला, असे धरतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातील स्टाशा मिलोयेविच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये खगोलशास्त्र, परिस्थितिकी आणि रोबोटिक्स या तीन क्षेत्रांचा अशा पद्धतीने अभ्यास केला. एखाद्या वर्षी संशोधनात उतरलेल्या शास्त्रज्ञांपैकी निम्मे बाहेर पडायला किती वर्षे लागतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९६० च्या दशकात आलेल्यांच्या बाबतीत उत्तर निघाले सुमारे ३५ वर्षे, म्हणजे जवळजवळ पुरी कारकीर्द. २०१० नंतर आलेल्यांच्या बाबतीत उत्तर होते ५ वर्षे. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्यांच्या नावावर प्रमुख लेखक म्हणून एकही निबंध नाही, जे सदैव दुसऱ्याच्या प्रकल्पात हातभार लावत राहिले, अशांचे प्रमाण या काळात सुमारे २५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले. मोठ्या प्रयोगशाळांना हात पुष्कळ लागतात. त्या हातांना पुढे कायमची खुर्ची मिळेल, अशी व्यवस्था मात्र नसते.

पोलंडमधील मारेक क्विएक आणि लुकाश शिमुला यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक विस्तृत आहे. त्यात ३८ विकसित आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमधले लाखो शास्त्रज्ञ आहेत. पहिला निबंध प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुमारे एक तृतीयांश आणि दहा वर्षांत सुमारे निम्मे लोक संशोधन सोडतात, असे त्यातून दिसते. २००० साली सुरुवात केलेल्यांमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त गळत होत्या. २०१० साली सुरुवात केलेल्यांमध्ये हा फरक पुष्कळ कमी झाला आहे.

या ३८ देशांत भारत नाही. आणि असता, तरी ही फूटपट्टी आपल्याकडे अपुरी पडली असती. एखादी अभ्यासक मराठीत लिहिते, जिल्ह्याच्या इतिहासावर पुस्तक काढते, एखाद्या त्रैमासिकात तिचा चाळीस पानी निबंध येतो. आंतरराष्ट्रीय सूचीत यातले काहीच येत नाही. त्या मोजणीत ती कधी आलीही नाही आणि कधी गेलीही नाही. उलट नोकरीत टिकून राहिलेला, पण दहा वर्षांत वाचन थांबलेला माणूस कोणत्याही यादीत ‘गेला’ म्हणून दिसत नाही.

आपल्याकडे उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण होते. त्यानुसार २०१४-१५ मध्ये देशात पीएचडी करणारे १.१७ लाख होते, तर २०२१-२२ मध्ये २.१२ लाख. सात वर्षांत ८१ टक्क्यांची वाढ. किती विद्यार्थी दाखल झाले, किती शिक्षक आहेत, हे या सर्वेक्षणात मिळते. पीएचडी झालेली व्यक्ती पाच वर्षांनी कुठे आहे, हे विचारणारा रकाना त्यात नाही. शेतमालाची आवक मोजणाऱ्या बाजार समितीने माल कुठे गेला हे लिहूच नये, तसा हा प्रकार.

जागांचा हिशेब

विद्यार्थी वाढले, ते पुढे ज्या पदांची वाट पाहतात त्या पदांचे काय झाले? महाराष्ट्रातल्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयांचे उदाहरण घेऊ. दीर्घ काळ रखडलेल्या भरतीनंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला परवानगी दिली. रिक्त पदांपैकी ही सुमारे ४० टक्केच होती. करोनाच्या काळात भरती थांबली. तेव्हा या ३,५८० पैकी २,०८८ पदे भरायची राहिली होती, आणि त्यांना पुन्हा परवानगी मिळायला २०२१ उजाडले. परवानगीनंतरही बिंदुनामावलीची तपासणी, ना हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, निवड समितीची तारीख, मान्यता अशा पायऱ्या असतात. सव्विसाव्या वर्षी पीएचडीला नोंदणी करून बत्तिसाव्या वर्षी प्रबंध देणाऱ्याच्या आयुष्यात यातली तीन वर्षे म्हणजे किती, हे ज्याचे त्याला कळते.

पात्रतेचे नियमही या काळात हलत राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै २०२१ पासून पीएचडी सक्तीची होणार होती. पुढे ती तारीख जुलै २०२३ वर गेली. त्या महिन्यात आयोगाने सक्तीच काढून टाकली आणि नेट, सेट ही किमान पात्रता ठेवली. नियम सैल झाला हे अनेकांच्या भल्याचे होते. पण मधल्या पाच वर्षांत ज्यांनी केवळ त्या तारखेकडे डोळे लावून पीएचडीला नाव घातले, त्यांच्या हातात काय उरले, हा हिशेब कोणी मांडलेला नाही.

पद रिक्त राहिले तरी वर्ग रिक्त ठेवता येत नाही. म्हणून तासिका तत्त्व आले. बोलीभाषेत त्याला सीएचबी म्हणतात. पूर्ण पदाचा कार्यभार तुकड्यांत वाटायचा आणि जितक्या तासिका घेतल्या तितक्यांचेच पैसे द्यायचे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचे आठवडे बिनपगारी. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. मानधनाची बिले सहसंचालक कार्यालयातून मंजूर होऊन यायला महिनोन्महिने लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचवला. राज्यातले दर वाढत गेले, तरी या आकड्याच्या खालीच राहिले.

संशोधक विद्यार्थी असताना मिळणारी रक्कम याहून बरी असते, ही यातली विचित्र गोष्ट. केंद्राची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०१९ मध्ये देशभर झालेल्या आंदोलनानंतर महिना ३१,००० रुपये झाली, आणि २०२३ पासून ३७,०००. म्हणजे ज्याला ती मिळते त्याची प्राप्ती पीएचडी करताना एका पातळीवर असते, आणि पीएचडी मिळाल्यावर, तासिकेवर आल्यावर, ती खाली येते. शिक्षणाच्या पुढच्या पायरीवर उत्पन्न घटणारा व्यवसाय दुसरा चटकन आठवत नाही.

वाट पाहण्याची ऐपत

‘संशोधन सोडले’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्यातून वाटते की कोणी एका दिवशी उठून निर्णय घेतला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कोणी काही सोडत नाही. जूनमध्ये तासिका कमी मिळतात म्हणून जोडीला खासगी क्लासमध्ये शिकवणे सुरू होते. पुढच्या वर्षी क्लासचे तास वाढतात. रसायनशास्त्राचा पीएचडीधारक औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात तात्पुरता म्हणून लागतो. इतिहासाचा अभ्यासक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत व्याख्याने देतो. कोणी गावी जाऊन शेती बघतो. प्रबंधाचे पुस्तक करायचे असते, ते पुढच्या सुट्टीवर जाते. चार-पाच वर्षांनी कोणी विचारले तर तो म्हणतो, सध्या थोडे बाजूला पडले आहे. सोडले असे तो म्हणत नाही, आणि बहुधा तसे मानतही नाही.

म्हणून मला वाटते, ‘का सोडले’ यापेक्षा ‘किती काळ थांबता आले’ हा प्रश्न अधिक खरा आहे. थांबण्यासाठी ऐपत लागते. शहरात घर असेल, घरात दुसरा पगार असेल, धाकट्या भावंडांचे शिक्षण आपल्यावर नसेल, तर तासिकेवर आठ वर्षे काढता येतात. घरातला पहिला पदवीधर असलेल्या मुलाला तीन काढणेही जड जाते. त्याच्या पदवीकडे घरच्यांनी गुंतवणूक म्हणून पाहिलेले असते आणि त्यात त्यांची काही चूक नसते. मुलीच्या बाबतीत लग्नाचे वय, नवऱ्याची बदली आणि बाळंतपण हे तिन्ही प्रबंधाच्या शेवटच्या दोन वर्षांतच येऊन ठाकतात. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत स्त्रियांना सहा वर्षांच्या मर्यादेपुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे. ती प्रबंध पुरा व्हायला उपयोगी पडते. प्रबंधानंतरच्या रिकाम्या वर्षांचे ती काही करू शकत नाही.

वंचित समाजांतून येणाऱ्या संशोधकांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. थांबण्याची ऐपत सार्वजनिक पैशातून निर्माण करणे हाच त्यांचा खरा अर्थ आहे. त्यामुळे त्या लांबल्या की नुकसान फक्त रकमेचे होत नाही. २०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घ काळ धरणे चालले. जे महिने अभिलेखागारात किंवा क्षेत्रभेटीत जायचे, ते मैदानावर गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या अधिछात्रवृत्त्यांवर मर्यादा घालण्याविषयी चर्चा झाली आणि पीएचडी करून हे काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल सरकारच्या बाजूने केला गेला. त्यावरून वादळ उठले आणि निवळले. सवालाचा राग येणे स्वाभाविक होते. पण त्याच्या तळाशी एक गैरसमज आहे, आणि तो फक्त सत्ताधाऱ्यांचा नाही. दिवा लावायला तेल किती लागते आणि ते किती वर्षे पुरवावे लागते, हे आपण कधी ठरवलेलेच नाही.

परतणे म्हणजे कुठून?

आता दुसरा प्रश्न. गेलेले परत येतात का?

‘परतलेला शास्त्रज्ञ’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र येते. १९७२ मध्ये केंब्रिज सोडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले जयंत नारळीकर, आणि १९८८ मध्ये पुण्यात त्यांनी उभी केलेली आयुका. हे चित्र अभिमानाचे आहे आणि त्याने एका पिढीला विज्ञानाकडे वळवले. पण या चित्राने ‘परतणे’ या शब्दाचा अर्थही ठरवून टाकला. परतणे म्हणजे परदेशातून परतणे.

सरकारी योजनांची भाषा हीच आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती २००६-०७ मध्ये सुरू झाली. तिच्या नावातच ‘पुनःप्रवेश’ असा शब्द आहे, आणि ती परदेशात काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांसाठी आहे. रामानुजन अधिछात्रवृत्तीही परदेशातून येणाऱ्यांसाठी. दोन्हींत पाच वर्षे चांगले वेतन आणि संशोधनासाठी वेगळे अनुदान मिळते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फॅकल्टी ही योजना देशातल्यांनाही खुली आहे, पण तिला वयाची अट आहे, आणि ती साधारण बत्तिशीच्या आसपास संपते. पीएचडीनंतर पाच वर्षे औषध कंपनीत गेलेल्याला ती लागू होत नाही. शिवाय या तिन्ही योजना पाच वर्षांपुरत्या. त्यानंतर कायम पद मिळेल, याची हमी त्यांत नाही.

देशातच राहून ज्यांचे काम तुटले, त्यांच्यासाठी खरोखर दार उघडणारी एक योजना झाली. २००२-०३ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने संसारामुळे खंड पडलेल्या स्त्री शास्त्रज्ञांसाठी खास प्रकल्प-अनुदान सुरू केले. त्यात खंड हा दोष मानला नाही, पात्रता मानली. शासकीय व्यवहारात ही दुर्मिळ गोष्ट होती. अनेकजणी तिच्या आधाराने प्रयोगशाळेत परत आल्या. तिचीही मर्यादा तीच. प्रकल्प संपला की पुढे काय, याचे उत्तर पुन्हा रिक्त पदांपाशी येऊन थांबते. आणि ती विज्ञानाच्या विषयांपुरतीच होती.

चौथे दार आयोगाने २०२२ मध्ये काढले, ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने. उद्योग, प्रशासन, कला अशा क्षेत्रांत किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या नामवंतांना पीएचडीविना काही वर्षांसाठी विद्यापीठात बोलावण्याची ही सोय. म्हणजे जो पंधरा वर्षे बाहेर राहून वरच्या पदाला पोचला, त्याला सन्मानाने बोलावणे आहे. जो परदेशात होता, त्याला आहे. परभणीत पीएचडी करून पाच वर्षे लातूरच्या क्लासमध्ये शिकवणारा मात्र कोणत्याच योजनेच्या व्याख्येत ‘गेलेला’ नाही. जो गेलाच नाही, त्याला परत कोण बोलावणार?

सहावे वर्ष

समजा, तो स्वतःहून परत आला. जाहिरात निघाली, त्याने अर्ज केला. पुढे काय होते, ते आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाचायला मिळते. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी त्यात गुणांचा तक्ता आहे. पदवी, पदव्युत्तर पदवी, पीएचडी, नेट किंवा सेट, प्रसिद्ध निबंध, आणि अध्यापनाचा किंवा पीएचडीनंतरच्या संशोधनाचा अनुभव. या अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. म्हणजे पाच वर्षांपर्यंतच मोजणी. सहावे, सातवे, दहावे वर्ष तक्त्यात शिरत नाही. बाहेरच्या कामाला त्यात रकानाच नाही. प्रयोगशाळेतली उपकरणे रोज हाताळणारा औषध कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ इथे शून्यावर येतो.

नोकरी मिळाल्यावरचा आणखी एक नियम आहे. पदोन्नतीसाठी पूर्वीची तात्पुरती सेवा धरता येते, पण अटींसह. त्यांतली एक अट अशी की त्या सेवेतले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. तासिकेवरच्या माणसाला ते कधीच मिळत नाही. त्याला कमी पैसे दिले, आणि कमी पैसे दिले म्हणूनच त्याची ती वर्षे मोजली नाहीत. चाळिसाव्या वर्षी कायम झालेला प्राध्यापक कागदोपत्री पहिल्या दिवसाचा नवखा असतो.

यात कोणाची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. नेमणुकांतला वशिला रोखण्यासाठी हे तक्ते आले आणि तो हेतू रास्त आहे. पण अखंड, सरळ रेषेत चालणाऱ्या कारकिर्दीची कल्पना गृहीत धरून ते बनले आहेत. जागा दहा-दहा वर्षे निघत नाहीत तिथे अशी अखंड रेषा कोणाची असणार? ज्यांना थांबता आले त्यांची. अशा रीतीने थांबण्याची ऐपत पुढे गुणवत्ता म्हणून मोजली जाते.

पदाविना

मग संशोधन करण्यासाठी पद लागतेच का, असा प्रश्न कोणी विचारील, आणि महाराष्ट्रात तो विचारणे योग्य आहे. इथल्या संशोधनाचा एक मोठा प्रवाह विद्यापीठाच्या भिंतीबाहेरून वाहिला. वि. का. राजवाडे यांनी थोडा काळ शाळेत शिकवून नोकरी सोडली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला, आणि गावोगाव पायपीट करून दफ्तरे गोळा करणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. वकील, शाळामास्तर, पेन्शनर अशा माणसांना या संस्थांनी तीन गोष्टी दिल्या. बसायला जागा, बघायला कागद, आणि लिहिलेले वाचून चूक दाखवणारे सहकारी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते. ६१७४ या संख्येचा त्यांनी १९४९ मध्ये मांडलेला गुणधर्म जगभर पोचला तो १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यावर. तेव्हा ते निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

मी स्वतः याच प्रवाहाच्या काठावर पदाविना काम करत आलो आहे, तेव्हा त्याची थोरवी सांगण्याचा मोह मला होणारच. पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली, हे विषय कागद आणि पेन्सिलीचे होते. अंकगणित, इतिहास, लोकसाहित्य, भाषा. कमलाबाईंना १९४७ मध्ये जागा मिळाली नसती तर एशियाटिकच्या वाचनालयात बसून जीवरसायनशास्त्र करता आले नसते. ज्याचे संशोधन पेशींवर, धातूंवर किंवा हवामानाच्या नोंदींवर चालते, त्याचे दार बंद झाले की कामच बंद होते. दुसरी गोष्ट, कागदाच्या विषयांनाही आता दारे लागली आहेत. नियतकालिके डिजिटल झाली आणि त्यांची वर्गणी संस्था भरते. संस्थेचा ई-मेल नसेल तर निबंध वाचता येत नाही. अभिलेखागारात प्रवेशासाठी, प्रकल्पाच्या अर्जासाठी, कित्येकदा निबंध पाठवतानाही ‘संलग्नता’ असा रकाना भरावा लागतो. त्या रकान्यात काय लिहायचे, हा पीएचडी झालेल्या पण पद नसलेल्या माणसाचा रोजचा प्रश्न आहे.

काय करता येईल

कोणत्याही देशात प्रत्येक पीएचडीधारकाला प्राध्यापकपद देता येत नाही, आणि तसे द्यावेही असे नाही. शाळेत, उद्योगात, प्रशासनात, वृत्तपत्रात संशोधनाची शिस्त शिकलेली माणसे जाणे हे समाजाच्या भल्याचेच आहे. प्रश्न जाण्याचा नाही. जाणे कायमचे असलेच पाहिजे का, आणि गेलेल्याचे काम वाया गेलेच पाहिजे का, हा आहे. यासाठी लागणाऱ्या काही गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही.

पीएचडी देणाऱ्या विद्यापीठाने त्या व्यक्तीला ग्रंथालयाचे, त्यातल्या डिजिटल नियतकालिकांसह, आजीवन सदस्यत्व द्यावे. विभागांनी गेलेल्या संशोधकांना बिनपगारी का होईना, मानद संलग्नता द्यावी. म्हणजे रकाना रिकामा राहणार नाही, आणि तासिकेवर शिकवणारा पूर्ण पगारी सहकाऱ्यांबरोबर निदान एका चर्चासत्राला बसेल. तासिकेचा अनुभव वेतनाच्या अटीवाचून मोजावा आणि त्याची पाच वर्षांची कमाल मर्यादा काढावी. पुनःप्रवेशाच्या योजनांत वय जन्मतारखेपासून न मोजता पीएचडीपासून मोजावे, त्यातून खंडाची वर्षे वजा करावीत, आणि माणूस बोस्टनहून आला की बीडहून, हे विचारू नये. आणि जागा, निघायच्या तर, ठरलेल्या वर्षी ठरलेल्या संख्येने निघाव्यात. शंभर जागा दहा वर्षांनी एकदम काढण्यापेक्षा दरवर्षी दहा काढल्या तर मधली पिढी गळून पडत नाही.

या सगळ्याच्या आधी एक साधे काम आहे. प्रत्येक विद्यापीठ दर वर्षी पीएचडी मिळवणाऱ्यांची यादी छापते. नाव, विषय, मार्गदर्शक, प्रबंधाचे शीर्षक. पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी त्याच यादीतल्या माणसांना एक पत्र पाठवून विचारावे, सध्या कुठे आहात, आणि विषयात अजून काही करता का. आलेली उत्तरे त्या यादीपुढे छापावीत. मग निदान हे कळेल की आपले किती लोक कुठे गेले, आणि त्यांतले किती अजून रात्री जेवण झाल्यावर जुन्या टिपणांची वही उघडतात. त्यांची संख्या आपल्या समजुतीपेक्षा मोठी निघेल, असा माझा अंदाज आहे.